मार्शमॅलो, पस्तीस मुलं आणि 'संयम' नावाचा चल



पेट झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले की कोर्सवर्क सुरू होतं. आमच्या कोर्सवर्कमध्ये एका शनिवारी बाहेरून आलेल्या वक्त्यांनी एक व्हिडिओ दाखवला होता. टेबलावर बशी, बशीत एक मार्शमॅलो. मार्शमॅलो म्हणजे साखरेची मऊ, कापसासारखी पांढरी गोळी. समोर चार वर्षांचं मूल. मोठं माणूस सांगतं, "मी परत येईपर्यंत हे खाल्लं नाहीस, तर तुला दोन मिळतील." मग मुलं काय काय करतात! वास घेतात, चाटून परत ठेवतात, डोळे झाकतात, खुर्चीवर उलटी बसतात. सगळा हॉल हसत होता. शेवटी वक्ते म्हणाले, "जी मुलं थांबली, ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. पीएचडीसुद्धा अशीच आहे. ज्यांच्याकडे संयम आहे, तेच टिकतात."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर वहीत वाक्य उतरवून घेतलं.

त्याच महिन्यात माझी हॉस्टेलमधली मैत्रीण पीएचडी सोडून गेली. तिची फेलोशिप चौदा महिने अडकलेली होती. आज होईल, उद्या होईल, फाईल वर गेली आहे, सही बाकी आहे... हे सगळं तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेल. तिने एका कंपनीत नोकरी धरली. मी मेसमध्ये दोघीतिघींना म्हणाले, "तिच्याकडे संयमच नव्हता."

हे वाक्य मला नंतर फार टोचलं. का, ते सांगायचं तर त्या व्हिडिओमागचा इतिहास सांगावा लागेल. मी एमएस्सी संख्याशास्त्राची. आता शालेय शिक्षणाच्या आकडेवारीवर पीएचडी करते आहे, त्यामुळे हे पेपर कधीतरी वाचावे लागणारच होते. पण मी ते आधी वाचायला हवे होते आणि वाक्य नंतर बोलायला हवं होतं.

सुरुवात अमेरिकेत नाही, त्रिनिदादमध्ये झाली

प्रयोगाचे जनक वॉल्टर मिशेल. जन्म १९३० चा, व्हिएन्नाचा. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर या ज्यू कुटुंबाला सगळं सोडून पळावं लागलं. पुढे ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थायिक झाले. मिशेल मानसशास्त्रज्ञ झाले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर गेले.

इथे आपला एक धागा जुळतो. त्रिनिदादमध्ये दोन मोठे समाज होते. एक, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. दुसरा, १८४५ पासून १९१७ पर्यंत करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज, ज्यांत बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते. मिशेल दोन्हीकडच्या लोकांशी बोलले, तेव्हा त्यांना एकच तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू आली. भारतीय म्हणायचे, "ते लोक आजच्यापुरतं जगतात, उद्याचा विचार करत नाहीत." आफ्रिकी वंशाचे म्हणायचे, "हे लोक पैसे गादीखाली दडवतात, जगतच नाहीत." आपल्याकडे एका आळीतले लोक दुसऱ्या आळीबद्दल बोलतात ना, अगदी तसंच.

मिशेल यांनी हे वाक्य मोजता येईल अशा प्रश्नात बदललं. एका ग्रामीण शाळेतल्या सात ते नऊ वर्षांच्या ५३ मुलांना विचारलं : एक सेंटची छोटी गोळी आत्ता हवी, की दहा सेंटची मोठी गोळी पुढच्या आठवड्यात? हा पेपर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन समाजांत फरक दिसला. इथेच थांबले असते, तर "अमुक समाज उतावळा असतो" असा निष्कर्ष काढून मोकळे झाले असते. पण मिशेल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती : घरात वडील आहेत की नाहीत. ज्यांच्या घरी वडील नव्हते, ती मुलं लगेचची गोळी जास्त घेत होती, आणि अशी घरं आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्ये जास्त होती. पुढे मिशेल यांनी याचा एक अर्थ असा लावला की, दिलेला शब्द पाळणारा पुरुष ज्या मुलाने फारसा पाहिलेलाच नाही, ते मूल एका अनोळखी गोऱ्या माणसाच्या "पुढच्या आठवड्यात देतो" यावर का विसंबेल?

म्हणजे बघा, या संशोधनाच्या पहिल्याच पानावर विश्वासाचा मुद्दा आहे. पुढची पन्नास वर्षं तो बहुतेकांच्या नजरेआड राहिला.

स्टॅनफर्डची बालवाडी : खरा प्रश्न वेगळाच होता

१९६२ मध्ये मिशेल स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे १९६६ मध्ये बिंग नर्सरी स्कूल सुरू झालं. विद्यापीठाचीच बालवाडी, एकतर्फी काचेतून मुलांचं निरीक्षण करता येईल अशी. मुलं बहुतेक प्राध्यापकांची आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता परीक्षेत विचारलं तर आपण लिहू की "मार्शमॅलो प्रयोग यश ओळखण्यासाठी केला." चूक! मिशेल यांना मुलांची निवड करायची नव्हती. त्यांचा प्रश्न होता : मूल थांबतं तेव्हा ते नेमकं काय करतं? मोहासमोर तग धरण्याची यंत्रणा काय आहे?

मिशेल आणि एब्बेसेन यांचा १९७० चा पेपर मिळाला तर नक्की वाचा. मुलं फक्त ३२, साडेतीन ते साडेपाचच्या आसपासची. गंमत म्हणजे या पेपरात मार्शमॅलो नाहीच! खाऊ होता बिस्किटं आणि प्रेटझेल, म्हणजे मीठ लावलेला कडक खाऊ. मूल ठरलेली खूण करून संशोधकाला कधीही बोलावू शकत होतं, मात्र मग कमी आवडीचा खाऊ मिळायचा. जास्तीत जास्त वाट १५ मिनिटांची.

संशोधकांचा अंदाज होता की खाऊ समोर दिसला तर मूल त्याकडे बघून जास्त वेळ थांबेल. ध्येय डोळ्यांसमोर ठेवा, असं आपणही म्हणतोच की! निकाल नेमका उलटा आला. दोन्ही खाऊ समोर असलेली मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. काहीच समोर नव्हतं, ती सरासरी अकरा मिनिटांहून जास्त थांबली.

पुढच्या काही वर्षांत याच गटाने दाखवलं की मुलाला एखादी गमतीची गोष्ट आठवायला सांगितली, किंवा समोरचा मार्शमॅलो म्हणजे ढग आहे अशी कल्पना करायला सांगितली, तर तेच वय, तीच बालवाडी, पण मुलं कितीतरी जास्त थांबतात. उलट, त्याच्या चवीचा विचार करायला सांगितला की लगेच घंटी वाजते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. थांबण्याचा वेळ परिस्थिती बदलली की एक मिनिटावरून अकरा मिनिटांवर जात होता. रक्तगटासारखी जन्मजात, ठरलेली गोष्ट अशी वागत नाही. या प्रयोगांचा मूळ आणि सर्वांत भक्कम निष्कर्ष हा आहे. व्हिडिओ दाखवणाऱ्या वक्त्यांनी तो सांगितलाच नाही.

मग 'यशस्वी होतात' हे आलं कुठून?

मिशेल यांच्या तिन्ही मुली याच बालवाडीत शिकल्या होत्या. पुढे घरी गप्पांत ते मुलींना त्यांच्या जुन्या सोबत्यांबद्दल विचारायचे. कोण काय करतं, कुणाचं शाळेत कसं चाललंय. ऐकता ऐकता त्यांना वाटलं, जी मुलं तेव्हा जास्त थांबली होती, त्यांचं बरं चाललेलं दिसतंय. मग त्यांनी जुन्या मुलांच्या पालकांना पत्रं पाठवून रीतसर माहिती गोळा केली.

यातून १९८८ आणि १९९० मध्ये पेपर आले. शोडा, मिशेल आणि पीक यांच्या १९९० च्या पेपरात जगभर गाजलेला आकडा आहे : बालवाडीत थांबलेले सेकंद आणि सॅट या अमेरिकन प्रवेशपरीक्षेचे गुण यांतला सहसंबंध. भाषेसाठी ०.४२, गणितासाठी ०.५७. सामाजिक शास्त्रांत एवढा सहसंबंध म्हणजे केवढा तरी मोठा.

आता माझ्याबरोबर आकड्यांच्या जिन्याने खाली उतरा. प्रयोगांत भाग घेतलेली मुलं ६५३. माहिती परत आली १८५ मुलांची. सॅटचे गुण मिळाले ९४ जणांचे. पण ही ९४ मुलंही वेगवेगळ्या प्रकारच्या प्रयोगांत बसली होती. कुणासमोर खाऊ होता, कुणासमोर झाकलेला, कुणाला युक्ती सुचवली होती, कुणाला नाही. मोठा सहसंबंध सापडला तो फक्त एका प्रकारात, जिथे खाऊ उघडा होता आणि युक्ती सांगितली नव्हती. त्या प्रकारात मुलं किती? ३५.

पस्तीस! आमच्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकल बॅचपेक्षा थोडी जास्त.

मी संख्याशास्त्राची असल्यामुळे हात शिवशिवले. ९५ टक्के विश्वास-अंतराल काढून पाहिला. फिशरचं रूपांतर वापरून कागदावर पाच मिनिटांत होतं, तुम्हीही करून बघा. गणितासाठी ०.५७ च्या ऐवजी खरा आकडा साधारण ०.२९ ते ०.७६ मध्ये कुठेही असू शकतो. भाषेसाठी ०.१० ते ०.६६. म्हणजे संबंध बराच मोठा असू शकतो किंवा नावापुरताही असू शकतो. आणि हेही फक्त विद्यापीठाच्या आवारातल्या मुलांबद्दल. त्यातही ज्यांचा पत्ता सापडला आणि ज्यांच्या पालकांनी उत्तर पाठवलं, त्यांच्याबद्दल.

लेखकांनी लबाडी केली का? अजिबात नाही. नमुना लहान आहे, सांभाळून अर्थ लावा, असं त्यांनी स्वतःच पेपरात लिहिलं आहे. पण डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या प्रचंड खपलेल्या पुस्तकातून ही गोष्ट घरोघरी पोचली, आणि त्या प्रवासात सावधगिरीचं वाक्य मागे पडलं. मग व्याख्यानं आली, प्रेरणादायी पुस्तकं आली, व्हिडिओ आले. पेपरातलं वाक्य पुस्तकात जाताना एक अट गळते, व्याख्यानात जाताना दुसरी, आणि आपल्या हॉलपर्यंत येताना उरतं ते "संयम असेल तोच टिकतो."

शब्द मोडणारं मोठं माणूस

२०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड, पाल्मेरी आणि अस्लिन यांचा एक छोटासा, पण देखणा प्रयोग प्रसिद्ध झाला. किड यांनी पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथली मुलं पाहून त्यांना प्रश्न पडला होता : जिथे हातातली वस्तू कुणीही, कधीही काढून घेतं, तिथलं मूल दुसऱ्या मार्शमॅलोची वाट का बघेल?

त्यांनी २८ मुलं घेतली, चौदा-चौदाचे दोन गट. आधी चित्रकलेचं काम दिलं. जुने, तुटके रंगखडू ठेवले आणि सांगितलं, "थांबलास तर नवे, छान खडू आणून देते." एका गटाला खरंच नवे खडू आणून दिले. दुसऱ्या गटाकडे रिकाम्या हाताने परत येऊन सांगितलं, "सॉरी हं, नवे नाहीत, हेच वापर." मग स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. आणि त्यानंतर मार्शमॅलोची परीक्षा.

ज्यांना शब्द पाळणारं माणूस भेटलं, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना शब्द मोडणारं भेटलं, ती सरासरी ३ मिनिटं. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी पूर्ण १५ मिनिटं काढली. दुसऱ्या गटातल्या एकानेच.

नमुना इथेही लहानच आहे, मघाशी लावलेला न्याय इथेही लावायला हवा. पण एक मोठा फरक आहे. हा सहसंबंध नाही. कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे यदृच्छेने ठरवलं होतं. त्यामुळे बारा आणि तीन मिनिटांतला फरक मुलांच्या स्वभावाच्या नावावर टाकता येत नाही. दुसऱ्या गटातली मुलं उतावळी नव्हती. समोरच्या माणसाबद्दल जे अनुभवलं, त्यावरून त्यांनी हिशोब केला आणि तो हिशोब चुकीचा नव्हता.

त्रिनिदादच्या शाळेतला मुद्दा पंचावन्न वर्षांनी परत समोर आला होता.

९१८ मुलं, आणि मग मूळची मुलं पन्नाशीजवळ

२०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी मोठा नमुना घेतला. अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासातली ९१८ मुलं, आणि त्यांतही मुख्य लक्ष ज्यांच्या आया पदवीधर नाहीत अशा मुलांवर. साधारण साडेचार वर्षांच्या वयात घेतलेली चाचणी, पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती. इथे थांबायची मर्यादा सात मिनिटं होती.

संबंध सापडला, पण मूळ आकड्याच्या निम्माच. घरची परिस्थिती, लहानपणीची बौद्धिक क्षमता, घरातलं वातावरण हे सगळं लक्षात घेतल्यावर तोही दोन तृतीयांशाने कमी झाला. आणखी एक बारकावा : जो काही फरक होता, तो बहुतेक पहिल्या वीस सेकंदांतच होता. वीस सेकंद थांबणारी आणि न थांबणारी यांच्यात अंतर दिसलं. पुढे दोन मिनिटं की सात, याने फारसं बिघडत नव्हतं.

वर्तमानपत्रांनी लगेच "मार्शमॅलो प्रयोग खोटा ठरला" असे मथळे दिले. मित्रांनो, हेही वाक्य तितकंच घाईचं आहे. समजा आत्मसंयम आणि लहानपणीची बौद्धिक क्षमता या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतील, तर दुसरी वजा करताना पहिलीचाही काही भाग वजा होतो. कोणता चल 'नियंत्रित' करायचा, हा सॉफ्टवेअरमधल्या बटणाचा प्रश्न नाही. कार्यकारणाबद्दल तुमचं म्हणणं काय आहे, याचा तो प्रश्न आहे. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो, तयारी ठेवा.

आणि आता मला सर्वांत आवडलेला पेपर. २०२० चा. बिंग बालवाडीतल्या ११३ जणांना त्यांच्या पन्नाशीच्या अलीकडे परत गाठलं आणि विचारलं : शिक्षण किती झालं, उत्पन्न किती, मालमत्ता किती, जास्त व्याजाचं कर्ज आहे का. अशा एकूण अकरा गोष्टी. विश्लेषण कसं करायचं, हे आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे आकडे पाहून सोयीचं गणित निवडायची सोय नाही. बालवाडीतल्या थांबण्याचा या अकरा गोष्टींशी सरासरी सहसंबंध आला ०.०२. म्हणजे जवळजवळ शून्य. मात्र बालवाडीतल्या आकड्याबरोबर १७, २७ आणि ३७ या वयांत मोजलेला आत्मसंयम एकत्र केला, तर सरासरी ०.१९.

या पेपरच्या लेखकांत वॉल्टर मिशेल यांचं नाव आहे. ते २०१८ मध्ये गेले, पेपर त्यांच्या पश्चात छापला गेला. ज्या गोष्टीमुळे जग आपल्याला ओळखतं, ती तपासायला स्वतःच बसायचं, आणि उत्तर शून्याजवळ येऊ शकतं हे माहीत असून बसायचं. हा माणूस मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवून गेला.

मग उतावळेपणाने काहीच बिघडत नाही?

असंही नाही. दुसऱ्या टोकाला उडी मारू नका.

स्वीडनमध्ये १९६६ मध्ये स्टॉकहोम परिसरातल्या तेरा वर्षांच्या मुलांना शाळेत एक प्रश्न विचारला होता : आत्ता ९०० क्रोनर हवेत, की पाच वर्षांनी ९,०००? गोल्स्टाइन, ग्रोनक्विस्ट आणि लिंडाल यांनी २०१४ मध्ये या १३,००० हून अधिक मुलांच्या उत्तरांची सरकारी नोंदींशी सांगड घातली. आत्ताचे ९०० मागणाऱ्यांची शाळेतली कामगिरी, पुढचं उत्पन्न आणि आरोग्य सरासरीने कमी भरलं. संबंध मुख्यतः शिक्षणाच्या वाटेने जात होता. आधी अभ्यास आणि शाळेतले निर्णय, मग त्यातून नोकरी आणि मिळकत.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास तर प्रसिद्धच आहे. तिथे एका दुपारच्या एका बशीवर विसंबले नाहीत. तीन ते अकरा वर्षांपर्यंत पालक, शिक्षक, निरीक्षक अशा अनेकांकडून आत्मसंयम पुन्हा पुन्हा मोजला. मॉफिट आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या पेपरात ३२ व्या वर्षीचं आरोग्य, पैशाची स्थिती आणि गुन्ह्यांची नोंद या सगळ्यांशी त्याचा संबंध दिसला, आणि तो बुद्ध्यांक व घरची परिस्थिती लक्षात घेऊनही टिकला.

म्हणजे अनेकदा, अनेक प्रकारे मोजलेला आत्मसंयम काहीतरी सांगतो. चौथ्या वर्षीची पंधरा मिनिटं फार काही सांगत नाहीत. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

म्हैसूरचे कामगार

नोकरीबद्दल बोलायचं तर एक प्रयोग आपल्या शेजारचाच आहे. कौर, क्रेमर आणि मुलैनाथन यांनी कर्नाटकात म्हैसूरला डेटा एंट्री करणाऱ्या कामगारांबरोबर जवळपास वर्षभर काम केलं. २०१५ मध्ये पेपर आला. पैसे कामाच्या मोजमापावर, पगार आठवड्याला. पहिली गोष्ट दिसली ती अशी : पगाराचा दिवस जवळ आला की काम वाढतं. सिनॉप्सिसच्या आदल्या आठवड्यातला आपला कारभार आठवा, म्हणजे समजेल.

मग कामगारांना एक विचित्र करार देऊ केला. आज किती काम करणार, ते लक्ष्य तुम्हीच ठरवा. गाठलंत तर नेहमीएवढेच पैसे. नाही गाठलं तर अर्ध्याच दराने. म्हणजे फायदा शून्य, तोटा मात्र शक्य. हिशोबाने असा करार कुणीच घेऊ नये. पण संधी दिली त्यांपैकी ३६ टक्के वेळा कामगारांनी तो घेतला!

का? कारण उद्या आपण ढिले पडू, हे त्यांना आजच ठाऊक होतं. मनाशी झगडत बसण्यापेक्षा त्यांनी आधीच कुंपण घालून घेतलं. बालवाडीतली मुलं मार्शमॅलोकडे पाठ करून बसायची, तीच ही गोष्ट. आणि हा करार चालला, कारण लक्ष्य गाठलं तर आठवड्याला पैसे मिळतात याची खात्री होती. समजा पगारच चौदा महिने आला नसता, तर असा करार कुणी घेतला असता?

तुमच्यासाठी

संशोधनात येण्याची तयारी करताय, म्हणून दोनतीन गोष्टी हक्काने सांगते.

एक. कोणताही गाजलेला निष्कर्ष ऐकलात की मूळ पेपरातल्या तक्त्याखालची संख्या बघा. किती जणांपासून सुरुवात, शेवटी किती उरले, आणि मधले कुठे गेले. ६५३ ते ३५ हा जिना बहुतेक पेपरांत कुठे ना कुठे असतोच.

दोन. "माझ्याकडे संयम नाही" असं म्हणून स्वतःला दोष देत बसण्याऐवजी समोरची बशी हलवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, गाईडना दर पंधरा दिवसांनी चार पानं द्यायचं कबूल करा, मैत्रिणीबरोबर ग्रंथालयात बसा. अख्खा १९७० चा पेपर हेच सांगतो.

तीन. दुसऱ्याच्या थांबण्या-न थांबण्यावर शेरा मारण्याआधी विचारा, त्याला दिलेले शब्द पाळले गेले होते का? आणि शब्द पाळला जाईपर्यंत त्याच्या हातात काय होतं?

माझ्या मैत्रिणीचं तेच झालं. चौदा महिने माझीही फेलोशिप अडकली होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही एकाच यादीत होतो. फरक एवढाच की माझ्या बाबांचं पेन्शन सुरू होतं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ते मला पैसे पाठवायचे. तिच्या घरी उलट तिनेच पैसे पाठवायचे होते. धाकट्या भावाची फी तिच्यावर होती. मेसमध्ये ते वाक्य बोलताना हा चल मी मोजलाच नव्हता. संख्याशास्त्राची पदवी असून!

मागच्या दिवाळीत तिला फोन करून हे सगळं सांगितलं, त्या वाक्यासकट. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, आले का गं तुझे पैसे?" आले म्हटलं. "माझेही आले की," ती म्हणाली, "सोडून पाच महिने झाल्यावर."

तिच्या भावाचं इंजिनिअरिंग यंदा पूर्ण होतंय. ती पुन्हा पेटचा फॉर्म भरायचा विचार करते आहे. यावेळी काय करावं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, मग फॉर्म भर. संयमाबद्दल काहीच बोलले नाही.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत ०.५७ आणि ३५ घेऊन ते विश्वास-अंतराल नक्की काढून बघा!